हत्तीला पाडायला किती मोठी गोळी लागते? आकार, वेग आणि ऊर्जेच्या आकड्यांमागचं खरं गणित

ऑगस्ट २०२४. आफ्रिकेतला नामिबिया हा देश भीषण दुष्काळात होरपळत होता. मे महिन्यातच तिथल्या सरकारने आणीबाणी जाहीर केली होती. अशातच तिथल्या पर्यावरण खात्याने एक आकडा जाहीर केला आणि जगभर गदारोळ झाला. तो आकडा होता ७२३.

७२३ वन्य प्राणी मारायचे आणि त्यांचं मांस उपाशी लोकांना वाटायचं, असा तो निर्णय. ३०० झेब्रे, १०० एलंड हरणं, १०० निळे वाइल्डबीस्ट, ८३ हत्ती, ६० रानम्हशी, ५० इम्पाला आणि ३० पाणघोडे. पुढच्याच महिन्यात शेजारच्या झिम्बाब्वेनेही २०० हत्ती मारायचं ठरवलं. १९८८ नंतर तिथे असं पहिल्यांदाच घडत होतं.

हे बरोबर की चूक, यावर सोशल मीडियावर भरपूर भांडणं झाली. पण त्या गर्दीत एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला. पाच-सहा हजार किलोचा हत्ती आणि जेमतेम ३० ग्रॅमची गोळी. हे गणित जमतं कसं? आणि ते चुकलं तर काय होतं?

हा प्रश्न फक्त बंदूकवेड्यांचा नाही. गोळी किती मोठी हवी, किती वेगाने जायला हवी, हे अनेक देशांनी कायद्यातच लिहून ठेवलंय. बिबट्याला, वाघाला किंवा रानडुकराला गोळी घालायची का, हा वाद महाराष्ट्रातही दर काही महिन्यांनी पेटतो. त्यामुळे हे गणित एकदा नीट समजून घेऊ.

कायदा नेमकं काय सांगतो?

नामिबियाचा शिकारीचा नियम गोळीच्या ऊर्जेवर चालतो. ही ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणासाठी किमान १,३५० ज्यूल. कुडू, ओरिक्स, एलंड अशा मोठ्या हरणांसाठी २,७०० ज्यूल. हत्ती आणि रानम्हैस असेल तर ५,४०० ज्यूल. प्रत्येक पायरीवर आकडा बरोब्बर दुप्पट.

झिम्बाब्वे आणखी एक अट घालतो, गोळीच्या जाडीची. हत्ती, रानम्हैस आणि पाणघोड्यासाठी किमान ९.२ मिलिमीटर जाडी आणि ५,३०० ज्यूल ऊर्जा. सिंहासाठी ७ मिलिमीटर आणि ४,३०० ज्यूल.

जर्मनीचा नियम अजून वेगळा. रो डिअर या लहान हरणासाठी १,००० ज्यूल. रानडुक्कर, सांबरासारखी मोठी हरणं यांच्यासाठी ६.५ मिलिमीटर आणि २,००० ज्यूल. पण ही ऊर्जा बंदुकीच्या तोंडाशी मोजत नाहीत, १०० मीटर अंतरावर मोजतात. हा फरक छोटा वाटतो, पण फार महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे पुढे येऊच.

५,४०० ज्यूल म्हणजे नक्की किती?

शाळेतलं सूत्र आठवतंय? गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. यातला 'वर्ग' हा शब्द सगळा खेळ करतो. गोळीचं वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते.

आता काही प्रसिद्ध काडतुसांचे आकडे बघा. (काडतूस कोण बनवतं त्यावर थोडा फरक पडतो, म्हणून हे अंदाजे धरा.)

- .३०-०६ : गोळी ११.७ ग्रॅम, वेग सेकंदाला ८२० मीटर, ऊर्जा सुमारे ३,९०० ज्यूल
- .३७५ एच अँड एच मॅग्नम : गोळी १९.४ ग्रॅम, वेग ७७० मीटर, ऊर्जा सुमारे ५,७५० ज्यूल
- .४५८ विंचेस्टर मॅग्नम : गोळी ३२.४ ग्रॅम, वेग ६३५ मीटर, ऊर्जा सुमारे ६,५०० ज्यूल
- .६०० नायट्रो एक्सप्रेस : गोळी ५८ ग्रॅम, वेग ५९५ मीटर, ऊर्जा १०,००० ज्यूलच्या वर

.३७५ म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ३७५. मिलिमीटरमध्ये साडेनऊ. आफ्रिकेत 'मोठ्या शिकारीची सगळ्यात लहान रायफल' म्हणून हीच का ओळखली जाते, ते वरच्या आकड्यांवरून कळतं. नामिबियाची ५,४०० ची रेषा ती थोडक्यात ओलांडते.

आणखी एक गंमत बघा. .४५८ ची गोळी .३७५ पेक्षा तब्बल ६७ टक्के जड आहे. पण ऊर्जा फक्त १३ टक्के जास्त. कारण ती हळू जाते आणि सूत्रात वेगाचा वर्ग असतो.

मग मोठी रायफल वापरणारे लोक वेडे आहेत का? इथेच 'जास्त ज्यूल म्हणजे जास्त ताकद' हा समज अडखळायला लागतो.

ज्यूलचा घोळ: दुचाकी, क्रिकेटचा चेंडू आणि बाण

एक साधं उदाहरण घेऊ. दुचाकी आणि तिच्यावरचा माणूस मिळून २२० किलो धरा. ती ताशी २५ किलोमीटरने चाललीय. तिची ऊर्जा होते साधारण ५,३०० ज्यूल, म्हणजे जवळपास .३७५ च्या गोळीइतकीच. आता विचार करा, ही दुचाकी हत्तीला जाऊन धडकली तर हत्तीचं काय होईल? फारसं काही नाही. दुचाकीवाल्याचं मात्र काही खरं नाही.

दुसरं उदाहरण. ताशी १४० किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा असते सुमारे १२० ज्यूल. शिकारीच्या धनुष्यातून सुटलेल्या बाणाचीही साधारण तेवढीच, शंभरच्या आसपास. चेंडू मांडीवर बसला तर काळंनिळं होतं. तोच बाण हरणाच्या छातीतून आरपार जातो.

ऊर्जा सारखी, परिणाम पूर्ण वेगळा. म्हणजे ऊर्जा किती, याइतकंच ती किती छोट्या जागेवर आणि किती खोलवर खर्च होते, हेही बघावं लागतं.

'गोळी लागली की प्राणी उडून पडतो' हे खरं आहे का?

नाही. हा निव्वळ सिनेमा आहे.

ढकलण्याची ताकद ऊर्जेवर नाही, संवेगावर ठरते. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, इथे वर्ग नाही. .४५८ च्या गोळीचा संवेग येतो सुमारे २०.६. तो पाच हजार किलोच्या हत्तीला पूर्ण मिळाला, तरी हत्ती सेकंदाला चार मिलिमीटर इतकाच सरकेल. गोगलगाय जाईल तेवढा.

शिवाय न्यूटनचा तिसरा नियम आहेच. जेवढा धक्का गोळी पुढे नेते, किमान तेवढाच बंदूक मागे देते. गोळीने प्राणी हवेत उडणार असेल, तर ती झाडणारा माणूसही मागे उडायला हवा. प्राणी जागीच कोसळतो तेव्हा त्याला कोणी ढकललेलं नसतं. मेंदूला किंवा मणक्याला इजा होऊन पायांची आज्ञाच तुटलेली असते.

मग प्राणी मरतो कशाने?

ढोबळमानाने दोनच गोष्टी होतात. एकतर मेंदू किंवा मज्जारज्जू निकामी होतो आणि प्राणी तिथल्या तिथे पडतो. किंवा हृदय, फुप्फुसं, मोठ्या रक्तवाहिन्या फाटतात, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो.

दुसऱ्या प्रकारात वेळ लागतो. हृदय फाटलं तरी मेंदूत आधीच पोचलेल्या प्राणवायूवर प्राणी दहा-पंधरा सेकंद धावू शकतो. आफ्रिकन रानम्हैस ताशी ५० किलोमीटरने पळते. म्हणजे 'मेलेली' रानम्हैस दहा सेकंदांत जवळपास १४० मीटर येऊ शकते. शिकारी ५० मीटरवर उभा असेल, तर हिशेब तुम्हीच करा.

म्हणून गोळीचं काम एका वाक्यात सांगायचं तर असं: योग्य जागी, पुरेसं खोल आणि पुरेसं मोठं भोक पाडणं. आकार, वेग आणि ऊर्जा या तिन्ही गोष्टी या एका कामासाठी राबतात.

आकार: जाडीपेक्षा लांबी का महत्त्वाची?

जाड गोळी मोठं भोक पाडते, हे उघड आहे. पण खोल जायचं असेल तर गोळी जाडीच्या मानाने जड असावी लागते. खिळा आणि नाणं यांची तुलना करा. दोन्हींचं वजन सारखं असलं, तरी लाकडात खिळा जातो, कारण त्याचं सगळं वजन एका टोकामागे उभं असतं.

गोळीचंही तसंच. लांबट, जड गोळी हाड फोडून पुढे जात राहते. आखूड, हलकी गोळी लवकर थांबते. हत्तीच्या डोक्यात मेंदूच्या पुढे मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ्यांचं जाड हाड असतं. ते पार करून मेंदूपर्यंत सरळ रेषेत जाणं, हीच हत्तीच्या गोळीची खरी परीक्षा.

वेग: जास्त म्हणजे नेहमी चांगला?

वेगाचे दोन फायदे आहेत. एक, गोळी सरळ रेषेत लांब जाते, त्यामुळे लांबचा नेम सोपा होतो. दोन, रायफलच्या वेगाने शरीरात शिरलेली गोळी आजूबाजूची ऊती क्षणभर झटक्यात बाजूला फेकते. त्यामुळे जखम गोळीच्या जाडीपेक्षा मोठी होते. हरणासारख्या प्राण्यात हा परिणाम मोठा असतो.

पण वेगाला किंमत मोजावी लागते. मऊ शिशाची गोळी फार वेगात खांद्याच्या जाड हाडावर आदळली, तर तिथेच तिच्या चिंधड्या उडू शकतात. वरवर भयानक जखम दिसते, पण आत फुप्फुसापर्यंत काहीच पोचत नाही. प्राणी पळून जातो आणि काही दिवसांनी कुठेतरी कुजत मरतो.

म्हणून गोळी कशाची बनलीय याला फार महत्त्व आहे. साधारण दोन प्रकार लक्षात ठेवा. मऊ टोकाची गोळी शरीरात शिरल्यावर छत्रीसारखी उघडते, भोक मोठं करते, पण कमी खोल जाते. ही हरणं, बिबट्या, वाघ, सिंह यांच्यासाठी. ठोस गोळी उघडतच नाही, आकार टिकवून खोल जाते. ही हत्तीसाठी. ज्यूल सारखेच असले तरी चुकीच्या प्रकारची गोळी सगळं बिघडवू शकते, आणि ज्यूलच्या आकड्यात ही गोष्ट कुठेच दिसत नाही.

छोट्या गोळीने हजार हत्ती: बेलची गोष्ट

आता या विषयातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. डब्ल्यू. डी. एम. बेल हा स्कॉटिश शिकारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो आजच्या युगांडातल्या कारामोजा भागात हस्तिदंतासाठी हत्ती मारत असे. यावरून त्याचं नावच 'कारामोजो बेल' पडलं. त्याच्या नावावर हजाराहून जास्त हत्ती आहेत, आणि त्यातले बहुतेक त्याने ७ मिलिमीटरच्या माउझर काडतुसाने मारले. ब्रिटिश लोक याच काडतुसाला .२७५ रिग्बी म्हणत.

या गोळीचं वजन ११ ग्रॅम, वेग साधारण ७०० मीटर, ऊर्जा सुमारे २,७०० ज्यूल. म्हणजे आज नामिबियात हत्तीसाठी जी किमान ऊर्जा लागते, तिच्या निम्मी. आजच्या कायद्याने बेल गुन्हेगार ठरला असता.

त्याला हे कसं जमलं? त्याने हत्तींच्या कवट्या कापून मेंदू नेमका कुठे असतो याचा अभ्यास केला होता. ठोस, लांबट गोळी वापरायची, अगदी जवळ जायचं आणि कोन जुळेपर्यंत थांबायचं, ही त्याची पद्धत. छोट्या रायफलचा धक्का कमी, त्यामुळे नेम हलत नसे.

इंटरनेटवर बेलचं नाव घेऊन 'छोटी गोळी पुरते' असं ठासून सांगणारे खूप आहेत. पण यातून निघणारा निष्कर्ष तो नाही. बेलचा सराव, त्याचं शरीररचनेचं ज्ञान आणि बंदुकीचा आवाज फारसा न ऐकलेले त्या काळचे हत्ती, हे सगळं वजा केलं की उरते फक्त एक छोटी गोळी. आणि एवढी हत्या हा काही अभिमानाने मिरवायचा विक्रमही नव्हे. हस्तिदंताच्या त्या व्यापाराने आफ्रिकेतले कळपच्या कळप संपवले.

मग कायदा मोठी गोळी का मागतो?

कारण कायदा बेलसाठी लिहिलेला नसतो. तो घाबरलेल्या, दमलेल्या, हात थरथरणाऱ्या सरासरी माणसासाठी लिहिलेला असतो. नेम थोडा चुकला, प्राणी वळला, मध्ये हाड आलं, तरी गोळीने काम करावं, एवढी शिल्लक त्या आकड्यात धरलेली असते. अंगावर धावून येणाऱ्या प्राण्यासमोर तर पुढून, जाड हाडातूनच मारावं लागतं. तिथे खोली आणि जाडी दोन्ही लागतात.

पण या शिल्लकीलाही मर्यादा आहे. रायफल जितकी मोठी, तितका खांद्याला धक्का मोठा. धक्क्याच्या भीतीने माणूस घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो, अंग आकसतो आणि नेम चुकतो. झेपत नसलेली मोठी रायफल ही झेपणाऱ्या मध्यम रायफलपेक्षा जास्त धोकादायक.

आता जर्मनीच्या १०० मीटरच्या अटीकडे येऊ. हवेच्या विरोधाने गोळीचा वेग कमी होत जातो. वेग २० टक्के घटला की ऊर्जा ३६ टक्के घटते, पुन्हा तोच वर्ग. म्हणजे .३७५ च्या तोंडाशी असलेले ५,७५० ज्यूल दूरवर ३,७०० च्या आसपास उरू शकतात. बंदुकीच्या तोंडाशी मोजलेला आकडा शिकाऱ्याला लागू होतो, प्राण्याला नाही. त्यामुळे जर्मनीची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

भारताने बदललेला गोळीचा आकार

या इतिहासात भारताचाही एक विचित्र वाटा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० ही मोठ्या शिकारीची लाडकी जाडी होती. पण ब्रिटिश लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींची जाडीही .४५० च होती. ही काडतुसं बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने सरकारने भारतात .४५० वर बंदी घातली.

भारत म्हणजे तेव्हाची मोठी बाजारपेठ. मग इंग्लंडमधल्या बंदूक कंपन्यांनी काय केलं? जाडी किंचित बदलली. .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसं आली. यातलं .४७० नायट्रो एक्सप्रेस आजही आफ्रिकेत हत्ती-रानम्हशींसाठी वापरतात. म्हणजे जगातला एक प्रसिद्ध गोळीचा आकार प्राण्यांच्या शरीरावरून नाही, तर भारतातल्या बंडाच्या धास्तीवरून ठरला.

चुकलेल्या गोळीचं बिल कोण भरतं?

आता खरा मुद्दा. गोळी कमी पडली किंवा भलतीकडे लागली, तर शिकारी घरी जातो. जखमी प्राणी जंगलातच असतो.

१९०७ मध्ये जिम कॉर्बेटने कुमाऊँमधल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारलं. कॉर्बेटच्या नोंदीनुसार तिने नेपाळ आणि कुमाऊँत मिळून ४३६ माणसं मारली होती. मेल्यावर तिचं तोंड तपासलं, तर उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले. कारण? बंदुकीच्या गोळीची जुनी जखम. सुळे नसल्याने तिला नैसर्गिक शिकार करता येईना आणि ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेटने लिहिलंय. कोणीतरी, कधीतरी झाडलेली एक वाईट गोळी, आणि तिचं बिल भरलं डोंगरातल्या शेकडो कुटुंबांनी.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हिवेट यांनी कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. कोणती? .२७५ रिग्बी. तीच बेलची जात. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या कॉर्बेटने .२७५ नेच मारला. साठ-सत्तर किलोच्या बिबट्यासाठी ती गोळी पुरेशी होती, हत्तीसाठी ती बहुतेकांच्या हातात अपुरी. प्राणी बदलला की गणित बदलतं.

दुसरं उदाहरण अलीकडचं. जुलै २०१५ मध्ये झिम्बाब्वेत ह्वांगे अभयारण्यालगत सेसिल नावाच्या सिंहाला आधी बाण मारला गेला. तो लगेच मेला नाही. कित्येक तास जखमी अवस्थेत राहिल्यावर त्याला पुन्हा गाठून मारण्यात आलं. जगभर संताप उसळला. शिकारीलाच विरोध असलेले आणि शिकारीचं समर्थन करणारे, दोघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं: असं रखडत मरणं कोणाच्याच वाट्याला यायला नको.

महाराष्ट्रात याचा काय संबंध?

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यानंतर हौसेची शिकार पूर्ण बंद आहे. पण माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. त्यातही वाघ-बिबट्यासारख्या प्राण्यांना पकडणं, बेशुद्ध करणं शक्य नाही याची खात्री आधी करावी लागते. गोळी हा शेवटचा पर्याय.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन बळी गेल्यानंतर वनविभागाच्या पथकाने एका बिबट्याला गोळ्या घातल्या. त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव भागात टी-१ म्हणजे अवनी वाघिणीला रात्रीच्या वेळी एका गोळीने मारण्यात आलं. १३ जणांच्या मृत्यूला ती जबाबदार असल्याचं सांगितलं जात होतं.

अवनीचा वाद आठवा. बोअर किती होतं, ज्यूल किती होते, यावर कोणी भांडलं नाही. वाद झाला तो बेशुद्धीचं इंजेक्शन आधी खरंच मारलं होतं का, गोळी कुठल्या बाजूने लागली, रात्री कारवाई का केली, यावर. म्हणजे गोळीचं काम चोख झालं, तरी गोळी झाडायचा निर्णय चोख होता का, हा प्रश्न उरतोच. तो भौतिकशास्त्र सोडवू शकत नाही.

गंमत म्हणजे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत वाघाला मारण्याची वेळ आलीच, तर ते काम कौशल्य असलेल्या खात्याच्या माणसाने 'योग्य बोअर'च्या बंदुकीने करावं, असं म्हटलंय. नामिबियासारखा ज्यूलचा आकडा तिथे नाही. पण माणसाचं कौशल्य आणि बंदुकीची जाडी एकाच वाक्यात मागितलीय. इतक्या वेळ आपण जे बघितलं, त्याचं सार हेच आहे.

आणि एक बाजू अशी, जी बातम्यांत कमी येते. रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त केलं की शेतकरी हतबल होतो. परवानगीची प्रक्रिया किचकट, नुकसानभरपाई उशिरा. मग काही ठिकाणी ठासणीची बंदूक निघते, कुठे गावठी बॉम्ब, कुठे कुंपणात सोडलेली वीज. ठासणीच्या बंदुकीचा शिशाचा गोल गोळा हवेत लवकर मंदावतो आणि नेमही धड लागत नाही. जखमी रानडुक्कर उसात किंवा झुडपात शिरतं. दुसऱ्या दिवशी तिथे कापणीला जाणाऱ्या माणसाला त्याची कल्पना नसते. चंपावतचं बिल असंच छोट्या रकमांमध्ये आजही कोणीतरी भरतंच आहे.

एक नवा प्रश्न: शिसं

आता जगात चर्चा फक्त आकार-वेगाची राहिलेली नाही. शिशाची गोळी शरीरात फुटते तेव्हा तिचे बारीक कण मांसात पसरतात. ते मांस किंवा शिकाऱ्याने मागे टाकलेली आतडी गिधाडांसारख्या पक्ष्यांनी खाल्ली, तर त्यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात कॉन्डोर हा दुर्मीळ पक्षी यामुळेच संकटात आला, आणि १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली.

पर्याय आहे तांब्याची गोळी. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच लांबीची गोळी वजनाने कमी भरते. मग वेग वाढवावा लागतो. म्हणजे जाडी, वजन आणि वेगाचं अख्खं गणित पुन्हा नव्याने मांडायचं.

तर मग पुढच्या वेळी कमेंट करताना...

बिबट्याची बातमी आली की खाली 'मोठी रायफल आणा, विषय संपवा' अशा कमेंट्स पडतात. विरुद्ध बाजूने 'एवढ्याशा प्राण्याला एवढी मोठी गोळी?' असाही सूर असतो. दोन्हींत एकच चूक आहे. गोळीचा आकार म्हणजे क्रूरतेचं माप नाही आणि शौर्याचंही नाही. प्राण्याला मारायचंच ठरलं असेल, तर पुरेशी मोठी गोळी ही दया असते आणि अपुरी गोळी हा छळ.

पण पुरेशी गोळीही फक्त भोक पाडते. ते कुठे पडणार हे बोट ठरवतं, आणि बोट दाबायचं की नाही हे आपण सगळे मिळून, कायद्याने ठरवतो. ज्यूलचा आकडा त्यातल्या शेवटच्या अर्ध्या सेकंदापुरताच असतो. वाद घालायचा असेल, तर त्याच्या आधीच्या महिन्यांवर घालूया: पिंजरे वेळेवर लागले का, भरपाई मिळाली का, पथकाला प्रशिक्षण होतं का.

८३ हत्तींच्या बातमीतही खरा प्रश्न गोळीचा नव्हताच. तो होता, गोळीपर्यंत वेळ का आली, हा.